फेब्रुवारीतले २,४०० रुपये

बालाघाटच्या डोंगररांगेतील हे गाव बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यात आहे आणि आमच्या माहितीपटात पडद्यावर दिसणारी ही सकाळ फेब्रुवारी २०२५ मधील आहे. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ओळीने कुलपे दिसतात. ओसरीवर बसलेली माणसे एकतर साठीच्या पुढची आहेत किंवा शाळकरी वयाची. त्यांच्या मधली पिढी दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून ऊसतोडीला गेली आहे आणि साखर कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, ती परतणार नाही.

चुलीपुढे पुस्तक घेऊन बसलेली ही मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि आजीजवळ राहते. ११ तारखेला तिची बोर्डाची परीक्षा सुरू झाली आहे. त्याच्या चारच दिवस आधी, ७ फेब्रुवारीला, वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचे अर्ज खुले झाले असून ७ मार्चपर्यंत ते शुल्कासह भरायचे आहेत. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचा अर्जही याच हंगामात भरावा लागतो. नीटचे शुल्क खुल्या प्रवर्गाला १,७०० रुपये, ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांना १,६०० रुपये, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना १,००० रुपये आहे. सीईटीसाठी राखीव प्रवर्गाला एका विषयगटाचे ८०० रुपये पडतात. ही मुलगी नीटसाठी ओबीसी आहे; तिच्या वाट्याला म्हणून २,४०० रुपये येतात. तिच्या वर्गातील आणि प्रवर्गातील जी मुलगी अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिते, तिला जेईई मेनच्या दोन सत्रांचे प्रत्येकी ८०० आणि सीईटीचे ८०० धरून नेमकी हीच रक्कम लागते.

आता दृश्य बदलते. हा उसाचा फड गावापासून शेकडो किलोमीटर दूर, पश्चिम महाराष्ट्रात आहे. येथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि हिशेबही कोयत्याच्याच नावाने होतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ ठरल्यानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. पहाटेच्या अंधारात फडात उतरलेली जोडी तोडणे, मोळ्या बांधणे आणि गाडी भरणे हे सारे करून दिवसाला साधारण दोन टनांपर्यंत ऊस काढते. त्या मापाने मुलीच्या दोन अर्जांची किंमत साडेसहा टनांहून अधिक ऊस, म्हणजे आईवडिलांचे तीन दिवसांहून जास्त काम इतकी होते.

तीन दिवसांचे काम ही फार मोठी गोष्ट नाही, असे कोणी म्हणेल आणि एका अर्थी ते खरेही आहे. अडचण रकमेपेक्षा महिन्यात आहे. मजूर फडात जाण्याआधीच मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या कंत्राटदाराकडून, उचल म्हणून आगाऊ रक्कम घेतात. त्या उचलीतून जुनी देणी, घराचे पत्रे, एखादे लग्न आणि आजीच्या चार महिन्यांच्या किराण्याची सोय होते. त्यानंतर हंगामभर जो ऊस तुटतो, तो उचलीतून वळता होत राहतो. फेब्रुवारीत कोयता रोज चालत असतो, पण हातात रोख येत नाही. दिवाळीपूर्वी मागितले असते तर हे २,४०० रुपये उचलीतून निघाले असते; परंतु तेव्हा अर्ज खुले झालेले नसतात.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या या खोलीत दुपारी दोननंतर जे काम चालते, ते याच महिन्यापुरते असते. येथील काही शिक्षक आणि आता पुणे-पिंपरीकडे नोकरीला असलेले माजी विद्यार्थी मिळून एक निधी जमवतात. त्याला नाव नाही, फलक नाही आणि मदत मागण्यासाठी अर्जही नाही. कोणाचे आईवडील फडात आहेत हे वर्गशिक्षकांना हजेरी घेतानाच माहीत असते. तेवढी चौकशी पुरेशी मानली जाते. मदतीसाठी गरिबीचा पुरावा गोळा करायला लावणे म्हणजे त्याच मुलाला आणखी एकदा तहसीलच्या रांगेत उभे करणे होय, असे या शिक्षकांचे मत आहे आणि येथे दोन दिवस बसल्यावर ते आम्हालाही पटले.

टेबलावरील शाईचा पॅड पाहा. नीटच्या अर्जासाठी छायाचित्र आणि स्वाक्षरीबरोबर डाव्या आणि उजव्या हाताच्या सर्व बोटांचे ठसे कोऱ्या कागदावर घेऊन त्यांची प्रत अर्जाला जोडावी लागते. या हातांतील काही हातांनी दहावीपर्यंत सुट्टीत मोळ्या बांधल्या आहेत. ठसा पुसट आला की सर कागद बदलतात, ओल्या फडक्याने बोटे पुसायला सांगतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. एका मुलीचा चौथा कागद जमला, तेव्हा खोलीत झालेला हशा आम्ही मुद्दाम कापलेला नाही.

ठशांपेक्षा मोबाईल क्रमांकाने अधिक वेळ खाल्ला. अर्ज ज्या क्रमांकावर नोंदवायचा, त्यावर येणारा ओटीपी काही मिनिटांतच सांगावा लागतो. घरातला एकमेव फोन वडिलांच्या खिशात असतो आणि वडील फडात असतात, जेथे बांधावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. समोरच्या बाकावरील मुलगा आदल्या दिवसापासून वडिलांशी वेळ ठरवत होता. जेवणाच्या सुट्टीत ते बांधावर आले, अंक वाचून दाखवले आणि तोवर मुदत संपली होती. आता बहुतेक अर्ज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आजीच्या क्रमांकावर नोंदवले जातात. हा क्रमांक प्रवेशाचे समुपदेशन संपेपर्यंत बंद पडू द्यायचा नाही, अशी सूचना फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेली दिसते.

तिसरा टप्पा प्रवर्गाचा. राज्यात ‘भज-ड’ (भटक्या जमाती-ड) म्हणून नोंदलेली वंजारी जात केंद्राच्या यादीत ओबीसी आहे. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याला सीईटीच्या अर्जात एक रकाना आणि नीटच्या अर्जात दुसरा रकाना भरावा लागतो, शिवाय केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. या साऱ्याचे शुल्कापुरते फळ १०० रुपये आहे. सेतू केंद्राच्या दोन खेपांचे भाडे त्याहून अधिक होते. सर तरीही रकाना चुकू देत नाहीत, कारण पुढच्या प्रवेशाचा हक्क त्यावरच उभा असतो. नॉन-क्रिमिलेअरची उत्पन्नमर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. पावणेआठ लाख मिळवणारे घर आणि एक कोयता यांच्याकडून नीटसाठी सारखेच १,६०० रुपये घेतले जातात. जेईई मेनमधून पुढे जाणाऱ्या ओबीसी मुलाला आयआयटी प्रवेशाच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डसाठी तर खुल्या प्रवर्गाइतकेच ३,२०० रुपये भरावे लागतात. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना तेथे १,६०० रुपये आहेत. शुल्काच्या तक्त्यात जात आहे, लिंग आहे, दिव्यांगत्व आहे. मुलाच्या घरची चूल कशावर चालते, यासाठी मात्र आर्थिक दुर्बल घटकाची १०० रुपयांची सवलत सोडली तर रकाना नाही.

शासन काहीच करत नाही, असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुष्काळ जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत धारूर होता आणि त्या सवलतींमध्ये परीक्षा शुल्काच्या माफीचा समावेश होता. महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेतर्फे ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना जेईई-नीटचे प्रशिक्षण आणि टॅबलेट मिळतो. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले आहे. या मुलीला उद्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तर तिच्या शिक्षण शुल्काची बरीचशी काळजी मिटलेली असेल. तेथवर नेणाऱ्या परीक्षेचा अर्ज मात्र तिने स्वतः भरायचा आहे.

निधीचे पैसे विद्यार्थ्याच्या हाती दिले जात नाहीत. घरी दुखणे निघाले तर ते तिकडे खर्च होतील आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून अर्ज समोर उघडा असतानाच सरांच्या फोनवरून थेट भरणा होतो. फोनच्या पडद्यावर फिरत राहिलेले हे चक्र साडेचार मिनिटांचे आहे. पैसे खात्यातून कटले, पण अर्जावर शुल्क जमा झाल्याची नोंद आली नाही. दुसऱ्यांदा भरायचे की वाट पाहायची, यावर खोलीत बराच खल झाला. सरांनी वाट पाहिली. तोवर वहीत तारीख, विद्यार्थ्याचे नाव, परीक्षा आणि रक्कम एवढीच नोंद झाली. परतफेडीचा रकाना या वहीत आखलेलाच नाही.

अर्ज राहिला तर मुलाचे एक वर्ष जाते आणि मुलीचे बहुधा लग्न ठरते.

संध्याकाळी साडेपाचला नोंद आली. अर्जाच्या निश्चितीचे पान छापून निघाले. त्यावर मुलीचे छायाचित्र, दहा बोटांचे ठसे आणि १,६०० हा आकडा आहे. ४ मेच्या परीक्षेला आईवडील परतलेले असतील, असे ती सांगते. त्या पानाचा फोटो तिने वडिलांच्या क्रमांकावर पाठवला असून त्याखाली अजून एकच टिक दिसते. आता ती धारूरच्या बसस्थानकाकडे निघाली आहे, कारण शेवटची एसटी चुकली तर आजी रस्त्यावर येऊन उभी राहते.