कल्हई ते चांदीची वाफ

[दृश्य: भांडी बाजार, सकाळ]

नाशिकचं तांब्या-पितळेचं भांडं म्हटलं की कल्हई आलीच. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायचं. किती तापलं ते कल्हईवाल्याचा डोळा सांगतो. थर कुठे जाड, कुठे पातळ. आमटी कळकली नाही की झालं.

[दृश्य: याच शहरातली एक प्रयोगशाळा]

इथेही धातूचा थरच द्यायचाय, पण काचेवर, आणि केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा. त्यासाठी ही इफ्युजन सेल, म्हणजे धातू तापवून त्याची वाफ काचेकडे सोडणारं उपकरण. टोकाला अंगठ्याएवढी पांढरी मूस, धातू वितळवायची वाटी. मूस सराफ बाजारातही असते. ही मात्र बोरॉन नायट्राइडची, कारण तापल्यावर तिने स्वतःची घाण वाफेत सोडता कामा नये. भोवती टँटलम या सहज न वितळणाऱ्या धातूच्या तारेचा हीटर, बाहेर टँटलमच्याच पत्र्याचे पापुद्रे, तळाशी तापमान मोजणारं थर्मोकपल, तोंडासमोर शटर.

डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेन यांनी १९०९च्या सुमारास विरळ वायू बारीक भोकातून कसा निसटतो याचा अभ्यास केला, म्हणून हिला क्नुडसेन सेलही म्हणतात. आजच्या बहुतेक सेलना ते भोक नसतं, तोंड उघडंच असतं. नाव तेवढं राहिलं.

[दृश्य: निर्वात कक्षाची खिडकी]

आतला दाब बाहेरच्या हवेच्या एक अब्जांश. एवढ्या विरळ जागेत अणू कुणालाही न धडकता ५० मीटरसुद्धा जाईल. काच तर हातभरावर! म्हणून वाफ सरळ रेषेत जाते, आणि मध्ये पत्रा धरला तर काचेवर त्याची सावली उमटते.

डोळ्याचा अंदाज इथे चालत नाही. चांदी १००० अंशांच्या आसपास असताना तापमान एका अंशाने चढलं, की वाफेचा प्रवाह साधारण २ टक्क्यांनी वाढतो. दहा अंश चुकले तर थराचा हिशेबच बिघडला.

[दृश्य: तडकलेली मूस, जवळून]

हिच्यात ॲल्युमिनियम होतं. हा धातू मोठा खोडकर. वितळला की मुशीच्या भिंतीवर चढतो, काठ ओलांडून हीटरपर्यंतही पोचतो. थंड होताना भिंतीला धरून आकसतो. म्हणून मूस काठोकाठ भरायची नाही, आणि थंड करायची ती सावकाश. एका संध्याकाळी वीज गेली, जनरेटर वेळेवर लागला नाही. सकाळी उघडून पाहिलं, तर हा तडा.

गॅलियमची तऱ्हा वेगळी. ते ३० अंशांच्या आतच वितळतं. नाशिकच्या मे महिन्यात बाटलीत पातळ, डिसेंबरात घट्ट. आणि गोठताना पाण्यासारखं फुगतं.

[दृश्य: शटर उघडतं]

आता मुशीत चांदी आहे. काचेशेजारच्या क्वार्ट्झ स्फटिकावर चांदी बसू लागली, की त्याची कंपनं मंदावतात; त्यावरून जाडी कळते. सेकंदाला एक अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा हिस्सा. काच अजून काचच दिसतेय. दहा मिनिटांनी तिच्यात खोलीतली ट्यूबलाइट दिसू लागेल.