बेलिफाची पिशवी

(पुण्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते दिवाणी न्यायालयातून बेलिफ म्हणून निवृत्त झाले आहेत.)

पाळकसाहेब, महिला मंडळाच्या भगिनी आणि मागच्या बाकांवरची तरुण मंडळी, सगळ्यांना सलाम. मागच्यांना पुढे या म्हणून उपयोग नाही, हे मला माहीत आहे. मीही तिथेच बसायचो.

विषय दिलाय ‘न्याय आणि दया’. यावर बोलायला बिबवेवाडीच्या सेमिनरीतून, म्हणजे धर्मशास्त्राच्या कॉलेजातून, एखादे प्राध्यापक आणायचे, तर तुम्ही बेलिफ आणलात. मी तेहतीस वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टातून समन्स बजावली आणि जप्त्या केल्या. न्यायाधीशसाहेब न्याय देतात तो कागदावर. तो कागद खांद्याच्या पिशवीत घालून माणसाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे माझं काम. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते दारातून दिसलेलं आहे. ग्रीक-हिब्रू माझ्याकडे मागू नका.

दाव्याचा निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. निकाल लागला की हुकूमनामा होतो. समोरच्यानं तरी पैसे दिले नाहीत तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात अर्ज करायचा, मग जप्तीचं वॉरंट निघतं, आणि मग आम्ही. या मधल्या काळात काही लोकांची मुलं मोठी होऊन कामाला लागतात.

1980 च्या दशकातली गोष्ट आहे. भवानी पेठेत एका टेलरच्या खोलीवर जप्ती होती. दहा बाय दहाची खोली, मधे पडदा, पडद्याच्या अलीकडे शिलाई मशीन. दरखास्तदार माझ्याबरोबर आले होते. त्यांनी आधी मशीनवरच हात ठेवला. म्हणाले, “हे लिहा.” मी म्हटलं, हे लिहिता येत नाही. टेलरची बायको पडद्याआडून म्हणाली, “देवमाणूस आहात, साहेब.”

मी देवमाणूस वगैरे काही नव्हतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, कलम 60. देणेकऱ्याच्या घरातले अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धर्माच्या चालीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही तो दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, त्याला हात लावता येत नाही. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरते लागणारे बैल, बियाणं, काही नाही. पुढे कलम 62: सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आत जप्तीसाठी राहत्या घरात पाऊल टाकायचं नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी बायबलमधलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक उघडलं, चोविसावा अध्याय. संडे स्कूलमध्ये हा भाग कोणी शिकवत नाही, कारण त्यात गोष्ट नाही, नुसते नियम आहेत. तिथे लिहिलंय, जातं गहाण घेऊ नका, जात्याची वरची तळीसुद्धा घेऊ नका. कारण ते त्याचं पोट आहे. उसने दिलेत म्हणून गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नका. तुम्ही बाहेर उभे राहा, तो आपल्या हातानं आणून देईल. आणि माणूस इतका गरीब असेल की पांघरूणच गहाण ठेवलंय, तर सूर्य मावळायच्या आत ते त्याला परत करा.

मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसलो. जातं म्हणजे शिलाई मशीन. पांघरूण म्हणजे पांघरूणच. आणि दोन्हीकडे सूर्यास्त! तोवर माझी समजूत अशी की न्याय कडक असतो आणि दया येऊन त्याला थोडी सूट मिळवून देते, मंडईत भाजी घेताना वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागतात तशी. पण इथे तर ती नियमाच्या आतच बसवलेली. देणेकऱ्याचं माणूसपण राखणं हाच न्यायाचा भाग आहे. त्याबद्दल मला कोणी देवमाणूस म्हणायचं कारण नाही.

त्याच अध्यायात, दोनच वचनं पुढे, मजुराचं आहे. त्याचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. आता आपल्याकडे बघा. कामवाल्या मावशींचे खाडे कापायचे, पगार सात तारखेवरून दहावर ढकलायचा, आणि नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा देऊन म्हणायचं, आम्ही त्यांना घरच्यासारखं वागवतो. डबा जरूर द्या. आधी सात तारीख पाळा.

आता दुसरी बाजू. तुमच्या मनात टेलर गरीब आणि दरखास्तदार सावकार असं चित्र उभं राहिलं असेल. माझ्याही राहिलं होतं. ते गृहस्थ खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले कामगार होते. फंडाचे पैसे टेलरला त्याच्या मुलीच्या लग्नासाठी दिले होते, शेजारधर्म म्हणून. आता स्वतःच्या घरी आजारपण होतं. मी टेलरच्या बाजूनं मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा झालो, तर या म्हाताऱ्याकडे कोण बघणार? बायबलातल्याच ‘लेवीय’ पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्पष्ट आहे, न्याय करताना गरिबाची भीड धरू नको आणि थोराचीही धरू नको. आपण दुसरं तेवढं पाठ करतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला, अठराव्या अध्यायातला येशूनं सांगितलेला दाखला सगळ्यांना येतो. राजाचं दहा हजार तालांत देणं असलेला चाकर. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं लागतात फेडायला. आमच्या कोर्टातही इतकी लांब तारीख देत नाहीत. हे सगळं माफ झालेला माणूस बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी, म्हणजे चारेक महिन्यांच्या रोजासाठी, सोबत्याचा गळा धरतो. यावरची प्रवचनं तुम्ही ऐकलीत, म्हणून मी एकच गोष्ट दाखवतो. राजानं माफ केलं तेव्हा पैसे कुठे गेले? हवेत नाही गेले. राजाच्या खजिन्यात तेवढा खड्डा पडला. सोडणाऱ्यानं तोटा आपल्या अंगावर घेतला. वधस्तंभाकडे बघताना मला हे हिशेबाच्या भाषेतच कळतं, दुसरी भाषा मला येत नाही.

म्हणून दया दिसली की मी विचारतो, कोणाच्या खिशातून? आपल्याच एका मंडळीत, नाव सांगत नाही, खजिनदारानं मयत फंडातले पैसे वापरले. कमिटीपुढे तो रडला. सगळ्यांचे डोळे भरून आले, प्रार्थना झाली, क्षमा केली, रक्कम सोडून दिली. हात वर करणाऱ्यांत मी होतो. त्या रात्री फार छान वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन महिन्यांनी दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेली एक म्हातारी वारली. तिनं वर्षानुवर्षं महिन्याला वर्गणी भरलेली. तिच्या शवपेटीला फंडात पैसे नव्हते. तिचा भाचा माझ्या दारात उभा राहिला, आणि पहिल्यांदा मला कळलं की दारात उभं राहणारा आणि आतला यांत आतल्याची मान कशी खाली जाते. आम्ही क्षमा केली होती ती त्या म्हातारीच्या पैशांची. तिला कोणी विचारलं होतं?

मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला वडील मंडळी सांगतात, सोसून घे, क्षमा कर, ख्रिस्तानं नाही का केली. वळ तिच्या पाठीवर आहेत. ते सोडायचे की नाही हे ती ठरवील, आणि सोडले तरी पोलीस चौकीची पायरी तिला बंद होत नाही.

शुभवर्तमानातल्या जक्कयाकडे बघा. जकातीवरचा माणूस, नाक्यावर काय चालायचं ते तुम्हाला सांगायला नको. प्रभू येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो, तुझ्या घरी उतरायचंय म्हणतो. त्यानं अजून एक पैसाही परत केलेला नाही, तरी बोलावणं आधी येतं. मग जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत. लेवीयात कबुली देऊन परत करणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलंय. हा चौपट म्हणतो. आणि येशू त्याला ‘राहू दे रे, मी क्षमा केली ना’ असं म्हणत नाही. कसं म्हणेल? पैसे यरीहोतल्या लोकांचे होते.

केडगावचं नाव इथे निघायलाच हवं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. शिकवलं, हाताला काम दिलं. तिथल्या छापखान्यात बायका काम करत होत्या. सोलापूरच्या गाडीतून जाताना स्टेशन लागतं, तेव्हा मी आजही खिडकीतून बघतो.

टेलरचं राहिलं. जप्तीत एक टेबलफॅन आणि लोखंडी कपाट निघालं, त्यावर हप्ते ठरले. महिना पन्नास रुपये, कधी यायचे, कधी नाही. तीन-चार वर्षांनी एक दिवस ते फॅक्टरीवाले गृहस्थ कोर्टात आले, डोक्यावर टोपी, हातात छत्री. दरखास्त काढून घ्यायची होती. हुकूमनाम्यातले पैसे तुम्ही बाहेर परस्पर घेतलेत किंवा सोडलेत आणि कोर्टात नोंदवलं नाही, तर कोर्ट ते मानत नाही. देणं कागदावर उभंच राहतं. आपल्या घरांत अशी कितीतरी देणी असतात, तोंडानं माफ केलेली आणि दर भांडणात पुन्हा निघणारी. त्यासाठी पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्यावी लागते, सही करून.

बाकी होती अठराशे रुपये. क्लार्कनं नेहमीची पुरशिस लिहायला घेतली, ‘संपूर्ण रक्कम वसूल पावली, तक्रार नाही.’ म्हाताऱ्यानं छत्रीच्या टोकानं कागद अडवला.

“पावली लिहू नका. पावली नाही.”

क्लार्क वैतागला. “मग काय लिहू? दरखास्त काढायचीय ना?”

“सोडली, असं लिहा. अठराशे रुपये येणं होतं, ते सोडलं.”

दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत मी म्हणत आलो होतो, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’ त्या गृहस्थांनी बहुधा कधी ऐकलंही नसेल. क्लार्कनं ओळ खोडली, वर नवीन लिहिली, खोडलेल्या जागी त्यांची छोटी सही घेतली. मग त्यांनी मला विचारलं, भवानी पेठेत जाणारी बस इथून कुठली. टेलरला स्वतः जाऊन सांगायचं होतं.