साखरेशिवाय न उघडणारं दार

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. तांब्यात साखर पडते, मग मीठ.)

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाबानं मलूल पडलेल्या लेकराला आई ही जलसंजीवनी घोट-घोट पाजते आहे. पाणी कमी झालंय, तर पाणी आणि मीठ द्यावं. पण साखर कशाला?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याचं अस्तर.)

आतड्याच्या प्रत्येक पेशीभोवती पेशीपटल असतं. जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर. अशी दहा हजार पटलं एकावर एक ठेवली, तर कुठे वहीच्या एका पानाएवढी जाडी होईल. फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचे रेणू यात दोन थरांत उभे असतात. डोकी बाहेर, पाण्याकडे. तेलकट शेपट्या आत, एकमेकींकडे. हे रेणू सतत सरकत असतात आणि त्यांच्यामध्ये प्रथिनं तरंगतात. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी पटलाचं हे प्रवाही रूप मांडलं.

या तेलकट थरातून ऑक्सिजन सहज आत जातो. मिठातलं सोडियम मात्र अडतं, साखरेतून मिळणारं ग्लुकोजही अडतं. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारं आहेत.

त्यातलं एक दार मला फार विलक्षण वाटतं. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज यांना जोडीनंच आत घेतं. पेशीच्या दुसऱ्या बाजूला एक पंप अखंड राबत असतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं, बाहेरचं आत ओढलं जातं, सोबत ग्लुकोज येतं आणि मागोमाग पाणी.

कॉलऱ्याचं विष पेशीतून क्लोराइड बाहेर सोडायला लावतं. त्यापाठोपाठ सोडियम आणि पाणी वाहून जातं. पण साखर-मिठाचं हे दार त्या विषाला बंद करता येत नाही.

(दृश्य: निर्वासितांच्या छावणीची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१९७१. बांगलादेशचं युद्ध. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते तोंडावाटे द्यायला सांगितलं. पाजणारे बहुतेक रुग्णांचेच नातेवाईक होते. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं.