रामकुंडाला भरती का येत नाही?

(दृश्य: गोदाघाट, पहाट. दुतोंड्या मारुती.)

नाशिककरांची पाणी मोजायची पट्टी म्हणजे रामकुंडाजवळ, गोदावरीच्या पात्रात उभी दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं... पावसाळ्यात इथं हीच भाषा. पण हे पाणी चढतं ते पावसानं आणि गंगापूर धरणाच्या विसर्गानं. चंद्राचा त्यात काडीचाही संबंध नाही.

१३ सप्टेंबर २०१५. श्रावण अमावास्या. सिंहस्थातलं शाहीस्नान. रामकुंडाकडे मुंगीलाही वाट मिळत नव्हती. तिथी तीच, आणि तिकडे समुद्रावर उधाणाचे दिवस.

अमावास्येला सूर्य-चंद्र एका बाजूला, पौर्णिमेला समोरासमोर. दोन्ही वेळा ओढ एकाच रेषेत, म्हणून भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात येतात आणि पाणी मंदावतं. कोळी त्याला भांग म्हणतात.

(दृश्य: मासळी बाजार. पाटीत बर्फ, बर्फावर मोजके बोंबील.)

"मावशी, आज एवढेच?"

"भांग चाललाय ना दादा, येणार कुठून?"

बोंबलाची डोल जाळी समुद्रात एका जागी बांधलेली. मासा प्रवाहाबरोबर वाहत येऊन तिच्यात शिरतो. प्रवाहच ढिला, तर जाळं भरणार कसं? नाशिकच्या तव्यावरच्या बोंबलाचा भाव असा चंद्र ठरवतो. थोडाफार डिझेलही ठरवतं म्हणा.

आता एक कोडं. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोरानं ओढतो. तरी भरतीवर सत्ता चंद्राची. कारण भरती नुसत्या ओढीनं येत नाही, ओढीतल्या फरकानं येते. चंद्राकडचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढलं जातं, पलीकडचं कमी. म्हणून फुगवटे दोन: एक चंद्राकडे, दुसरा बरोबर पाठीमागे. सूर्य चंद्राच्या जवळपास ३९० पट लांब. तिथून पाहिलं तर पृथ्वीची अलीकडची बाजू काय नि पलीकडची काय, अंतर सारखंच. त्यामुळे भरतीतला त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी.

भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना त्यासाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला एवढा हिशेब पुरतो.

(दृश्य: पुन्हा रामकुंड, संध्याकाळ.)

आणि आपलं कुंड? या काठापासून त्या काठापर्यंत चंद्राच्या ओढीत फरक पडून पडणार किती? पाणी ढिम्म राहतं.

जमीन मात्र राहत नाही. पायाखालचा खडकही दिवसातून दोनदा फुगतो आणि बसतो, उधाणाच्या दिवसांत वीतभर, कधी त्याहून जास्त. कळत नाही, कारण घाट, नारोशंकराच्या देवळाची घंटा, पाण्यात उभे आपण, सगळं एकदमच वर जातं. मोजायला मारुतीकडे बघावं, तर तोही आपल्याबरोबर वर गेलेला असतो.