बर्फाचे ढग आणि हवेचे हेलकावे

[दृश्य: पावसाने उघडीप दिल्यावरचं पुण्याचं आकाश. वेग वाढवलेलं चित्रण.]

पावसाळ्यात उघडीप मिळाली की जरा मान वर करून बघा. खालचे करडे ढग घाट ओलांडून पश्चिमेकडून आत येतायत. त्यांच्या फटींतून, कितीतरी वर, पांढरे तंतू दिसतात. ते मात्र उलटे, समुद्राकडे निघालेले.

साधारण १४ ते १६ किलोमीटर उंचीवर, पावसाळाभर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहत असतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. बंगालच्या उपसागरावर गडगडाटी ढग फुलतात आणि त्यांचे बर्फाळ माथे हा झोत दक्षिण भारतावर ओढून आणतो.

हे झाले आयते ढग. खरी गंमत आहे ती तिथेच, त्या उंचीवरच जन्मणाऱ्या सिरस ढगांची, म्हणजे बर्फाच्या स्फटिकांच्या तंतुमय ढगांची. त्यांच्या मागे कुठलंही वादळ नसतं.

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर एकच सूक्ष्म थेंब.]

उणे ६०, उणे ७० अंश. एवढ्या थंडीत सगळं केव्हाच गोठलं असेल, असं वाटतं ना? तसं नाही. त्या हवेत मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, लहान थेंब तरंगतात. आम्ल आणि क्षार मिसळलेलं पाणी. धुळीचा कण मिळाला तर गोठणं सोपं जातं. तो नसेल, तर बर्फाच्या हिशेबाने (बर्फ न वाढता, न विरता टिकेल एवढी वाफ म्हणजे १०० टक्के) आर्द्रता १०० टक्के होऊन भागत नाही, दीडशेच्याही पुढे जावी लागते.

ती वाढते हवा वर गेल्यामुळे. वर जाणारी हवा इथे १०० मीटरला जवळजवळ १ अंश थंड होते. म्हणजे या थंडीत जेमतेम ३०० मीटर चढली, तरी आर्द्रता शंभरावरून दीडशेच्या आसपास येते.

आता लागते शर्यत. पहिले काही थेंब गोठतात आणि लगेच आजूबाजूची वाफ ओढून घ्यायला लागतात. हवा सावकाश चढत असेल, सेकंदाला एखाद-दोन सेंटिमीटर, तर हे पहिलटकरच सगळी वाफ फस्त करतात. आर्द्रता उतरते, बाकीचे थेंब तसेच राहतात. स्फटिक मोजकेच, पण मोठे. ते जड होऊन खाली सांडतात आणि ढग विरतो.

हवा झपाट्याने चढली तर? वाफ संपायच्या आत थेंबांमागून थेंब गोठत जातात. स्फटिक असंख्य आणि बारीक, म्हणून ढग दाट होतो आणि टिकतोही. तापमान तेच, वाफ तेवढीच. फरक पडला तो फक्त चढण्याच्या वेगाने.

[दृश्य: डोंगर आणि वादळ यांवरून वर पसरत जाणाऱ्या लाटा. रेखाचित्र.]

हा वेग येतो कुठून? मुख्यतः लाटांमधून. वादळाने किंवा डोंगराने हवेला धक्का दिला, की ती झोपाळ्यासारखी वर-खाली होत राहते. काही लाटांचा एक हेलकावा दहाएक मिनिटांचा, काहींचा कित्येक दिवसांचा.

२०१४ साली नासाचं ग्लोबल हॉक, ३५ मीटर पंखांचं वैमानिकाविना उडणारं विमान, ग्वाम बेटावरून पश्चिम पॅसिफिकवर झेपावलं. ते तासन्‌तास १४ ते १८ किलोमीटरच्या पट्ट्यात खाली-वर करत मोजमापं घेत राहिलं. बर्फ सापडला तो बहुतेक वेळा लाटेने थंड केलेल्या, किंवा थंड होत चाललेल्या हवेत.

आणि याचा परिणाम पॅसिफिकपुरताच नाही. हवामानशास्त्रज्ञ ॲलन ब्रुअर यांनी १९४९ सालीच ताडलं होतं, की स्थितांबरातली, म्हणजे ढगांच्या थराच्या वरच्या वातावरणातली, हवा इतकी कोरडी आहे, म्हणजे ती उष्ण कटिबंधावरच्या अतिथंड थरातूनच वर गेलेली असणार. तिथे बर्फ होऊन पाणी गळून पडतं. दहा लाख रेणूंमागे पाण्याचे चारेक रेणूच पुढे जातात. स्फटिक मोठे होऊन गळाले की बारीक राहून तरंगले, यावर हा आकडा हलतो.

[दृश्य: सेशेल्समधून सुटणारा पारदर्शक फुगा.]

हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत (मॉडेल्समध्ये) पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात. त्यांची एकेक चौकट बऱ्याचदा पन्नास-शंभर किलोमीटरची. छोट्या लाटा त्यात मावतच नाहीत. त्यांचा अंदाजच धरावा लागतो. म्हणून फ्रान्सच्या पुढाकाराने स्ट्रॅटिओल-२ मोहिमेत २०१९ आणि २०२१ साली सेशेल्समधून फुगे सोडले गेले. १८ ते २० किलोमीटर उंचीवर ते आठवडेच्या आठवडे तरंगत राहिले. फुगा वाऱ्याबरोबरच वाहतो. त्यामुळे हवेला वाटेत बसलेले हेलकावे त्याच्या नोंदींत उतरतात.