खाऱ्या हवेत उजेड मोजताना

मंडळी, दुकानात आपण दिवा मागतो तो वॅटमध्ये. जेट्टीवरचा फ्लडलाइट असो, आंब्याच्या पॅकिंग शेडमधली बॅटन असो, 'पन्नास वॅटचा द्या' म्हणतो. पण वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. तो उजेड किती देतो हे वॅटवरून कळत नाही, ते मोजावंच लागतं. चहूकडे मिळून निघणारा सगळा उजेड ल्युमेनमध्ये, एका दिशेला त्याचा जोर कँडेलात, आणि समोरच्या टेबलावर किंवा जाळं शिवणाऱ्याच्या हातावर पडतो तो लक्समध्ये. हातातला लक्समीटर यातला फक्त शेवटचा मोजतो.

९०० ल्युमेनचा बल्ब सगळीकडे सारखा उजेड टाकत असेल, तर प्रत्येक दिशेला सुमारे ७२ कँडेला येतात. १ मीटरवर ७२ लक्स, २ मीटरवर १८. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. आता तेच ९०० ल्युमेन ३० अंशांच्या शंकूत कोंबले तर १ मीटरवर चार हजारांच्या वर लक्स येतात. म्हणून विक्रेता दिव्याखाली मीटर धरून आकडा दाखवतो तेव्हा आधी अंतर विचारा, मग शंकू विचारा. आणि दिव्याचा जो भाग सगळ्यात लांब, त्याच्या किमान पाचपट अंतरावर मीटर धरा. त्याहून जवळ हा दुप्पट-चौथाईचा हिशेब बसत नाही.

लक्समीटरच्या पांढऱ्या घुमटाखाली सिलिकॉनचा फोटोडायोड, म्हणजे उजेडाची वीज करणारा तुकडा असतो. सिलिकॉनला लाल आणि अवरक्त प्रकाश फार दिसतो, आपल्या डोळ्याला मात्र ५५५ नॅनोमीटरचा पोपटी हिरवा सगळ्यात जास्त. हा फरक भरून काढायला मध्ये गाळणकाच बसवतात. डोळ्याला कुठला रंग किती दिसतो याचा आलेख १९२४ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला, आजही तोच चालतो. स्वस्त मीटरची गाळणकाच निळ्या टोकाला चुकते, आणि पांढऱ्या एलईडीचा नेमका ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा उंचवटा असतो. बरेच मीटर २८५६ केल्व्हिनच्या टंगस्टन दिव्यावर जुळवलेले असतात. त्यामुळे जुन्या पिवळ्या बल्बवर बरोबर दाखवणारा मीटर थंड पांढऱ्या एलईडीवर चुकू शकतो. मीटर जुळवण्यासाठी पांढऱ्या एलईडीचा स्वतंत्र संदर्भ-वर्णपटही जाहीर झाला आहे. मीटर जुळवायला पाठवाल तेव्हा कुठल्या प्रकाशावर जुळवणार हे प्रयोगशाळेला विचारून घ्या. मोबाइलवरच्या ॲपवर खरेदीचा निर्णय मात्र घेऊ नका. फोनच्या सेन्सरवर तिरक्या प्रकाशाचा हिशेब ठेवणारा घुमट नसतो.

आता आपल्या किनाऱ्याचं दुखणं. समुद्रावरून येणारी खारट ओल घुमटावर बसते, डोळ्याला दिसतही नाही, पण आकडा खाली ओढते. शुद्ध पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा. स्पिरिट वापरू नका, घुमट ॲक्रिलिकचा असेल तर त्याला बारीक तडे जातात. गाळणकाचेतली काही जातीची निळसर काच ओल्या हवेत धुरकटते. म्हणून पावसाळ्यात मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा, आणि काम नसेल तेव्हा बॅटरी काढा. खाऱ्या हवेत तिच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो.

ल्युमेन मोजायचे तर इंटिग्रेटिंग स्फिअर, म्हणजे मोठा पोकळ गोळा हवा. आपण नुसता 'गोल' म्हणू. आतून बेरियम सल्फेटचा मॅट पांढरा लेप, मध्यभागी दिवा, भिंतीत सेन्सर, आणि दिव्याचा थेट प्रकाश सेन्सरवर पडू नये म्हणून मध्ये छोटा आडपडदा. प्रकाश भिंतीवर पुन्हापुन्हा आपटत एकजीव होतो. इथेच लेपाची किंमत कळते. लेप ९८ टक्के प्रकाश परत फेकत असेल तर गोलाचा गुणक, म्हणजे आपटून आपटून भिंतीवरचा प्रकाश किती पट होतो तो आकडा, ४९ येतो. ९७ टक्क्यांवर तो ३२ होतो. एका टक्क्याने मळलेल्या लेपाने आकडा एक तृतीयांश घसरतो! कोकणातली ओल, बुरशी आणि एखाद्याच्या बोटाचा ठसा, तिन्ही याच कामाला लागलेले असतात. खोलीत ओल शोषणारं यंत्र लावा, गोल बंद ठेवा, आत हातमोज्यांशिवाय हात घालू नका.

दुसरी चूक दिव्याच्या अंगाची. काळ्या हीटसिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या अंगाचा) दिवा गोलातला प्रकाश स्वतःच गिळतो. त्यासाठी भिंतीवर एक छोटा सहायक दिवा असतो. आधी प्रमाण दिवा, म्हणजे ज्याचे ल्युमेन आधीच माहीत आहेत तो, आत टांगून, तो न पेटवता, फक्त सहायक दिव्याचं वाचन घ्यायचं. मग चाचणीचा दिवा तसाच टांगून दुसरं. पहिल्याला दुसऱ्याने भागून जो गुणक मिळेल, त्याने चाचणीच्या दिव्याचं वाचन गुणायचं.

घाईची चूक सगळ्यात जास्त होते. एलईडी थंड असताना उजेड जास्त देतो, तापला की कमी. खोली २५ अंशांच्या आसपास ठेवा, दिवा किमान अर्धा तास पेटवा, आणि १५-१५ मिनिटांनी घेतलेली तीन वाचनं ०.५ टक्क्याच्या आत बसली की मगच आकडा लिहा. वीजही स्थिर हवी. एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर स्वस्त, कॅपॅसिटरवर चालणारा असेल तर त्या दिव्याचा उजेड आपल्याकडच्या खालीवर होणाऱ्या व्होल्टेजबरोबर हलतो.

मोठा गोल नाही म्हणून अडू नका. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याला आतून मॅट पांढरा रंग देऊन, आडपडदा बसवून, एका आकाराच्या दोन बल्बांची तुलना होते. नेमके ल्युमेन त्यातून मिळणार नाहीत, पण कुठला बल्ब जास्त देतो ते कळतं. मापाचा दिवा म्हणून काही दिवस पेटवून उजेड स्थिर झालेला एक बल्ब वेगळा बाजूला ठेवा, त्यावर तारीख घाला, इतर कामाला वापरू नका. महिन्याला एकदा त्याचं वाचन वहीत उतरवा. ते २-३ टक्क्यांनी खाली आलं तर नव्या आलेल्या दिव्यांना दोष देण्याआधी खोक्याचा रंग आणि घुमट पुसून पुन्हा मोजा.