‘दोन्ही हात शाबूत’

मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमधलं, म्हणजे शवविच्छेदन करून शरीररचना शिकतात तिथलं, हे स्टीलचं टेबल. उभ्या विद्यार्थ्याच्या कमरेला लागणारं. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला त्याची कड छातीशी येते, हात पलीकडे पोचत नाहीत. उंची कमी-जास्त करता येणारं टेबल मिळतं. पण ते मागायला तो विद्यार्थी आधी या हॉलपर्यंत यायला हवा.

वाट अडते ती प्रवेशाआधी दिव्यांग उमेदवाराला तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखून ठेवल्या. राखीव जागेसाठी दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के हवं. आणि एमबीबीएसच्या नियमात काय होतं? बोलण्याचं दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रवेशच नाही. चाळीसच्या खाली असाल तर राखीव जागा नाही, वर असाल तर कॉलेज नाही. मग ती जागा ठेवली कुणासाठी?

महाराष्ट्रातल्या ओंकार गोंडच्या प्रमाणपत्रावर आकडा चाळीसच्या थोडाच पुढे होता. उच्च न्यायालयात तातडीचा दिलासा मिळेना, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या मंडळाला एवढंच विचारलं, की याच्या बोलण्यामुळे शिक्षण अडेल का? मंडळ म्हणालं, नाही अडणार. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवेशाचा आदेश झाला. ऑक्टोबरच्या निकालात न्यायालयानं बजावलं, की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवू नका; तो काय करू शकतो ते तपासा, आणि नाही म्हणायचं तर कारणं लिहा.

तरी एमबीबीएस प्रवेशाच्या नियमांतली ‘दोन्ही हात शाबूत’ ही अट उरलीच होती. दोन्ही हात शाबूत, संवेदना पूर्ण, जोर पुरेसा! अनमोल नावाच्या विद्यार्थ्याला मंडळानं याच अटीवर बाद केलं. फेरतपासणीत डॉ. सतेंद्र सिंग यांनी मात्र वेगळा अहवाल दिला. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये ते शरीरक्रियाशास्त्र शिकवतात आणि लहानपणी झालेल्या पोलिओमुळे स्वतः पायाला आधार देणारं कॅलिपर वापरतात. योग्य उपकरणं आणि सोयी दिल्या तर हा विद्यार्थी शिकू शकतो, असं त्यांनी मांडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयानं ते मान्य केलं आणि त्या अटीला नियमात जागा नाही, असं स्पष्ट म्हटलं. अनमोलला प्रवेश मिळाला.

आमचं मागणं साधं आहे. प्रत्येक मंडळावर एक तरी दिव्यांग डॉक्टर बसवा. समोरच्या मुलाला ‘मूठ वळून दाखव’ म्हणण्याआधी तो विचारेल, ‘तुला स्टेथोस्कोप कुठला सोयीचा पडेल?’ आणि प्रवेश झाल्यावर रॅम्प, टेबल, परीक्षेतला जादा वेळ यांसाठी त्या मुलाला अर्ज घेऊन दारोदार फिरवू नका. ही कॉलेजनं करायची कामं आहेत, आणि ती पहिला तास सुरू होण्याआधी व्हायला हवीत.